शिक्षक ग्रॅहम बेल

मुलांनो, 'बाळ' हा शब्द मोठ्याने म्हणा. 'ळ' म्हणताना तुमची जीभ कोठे गेली? ती मागे वळली आणि टाळूला लागली. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून सुरुवातीला तो तुम्हांला अवघड वाटला असेल. पण ऐकून ऐकून तो जमला. आता विचार करा, ज्याला ऐकूच येत नाही, त्याने जीभ कोठे न्यायची हे कसे शिकावे? या प्रश्नामागे आयुष्यभर लागलेल्या माणसाला तुम्ही टेलिफोनचा जनक म्हणून ओळखता.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात झाला. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येत असे. इतर लोक तिच्याशी नळीतून बोलत. बेल मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलत आणि तिला ते समजे.

वडील लोकांना उच्चार शिकवत. एकदा त्यांनी बेल आणि त्यांचा थोरला भाऊ यांना बोलणारे यंत्र करायला सांगितले. भावाने घसा तयार केला. बेल यांनी तोंड आणि जीभ केली. जीभ लाकडाच्या लहान तुकड्यांची होती व तिच्यावर रबर चढवले होते. भावाने फुंकर मारली, बेल यांनी ओठ हलवले आणि यंत्रातून आईला हाक मारल्यासारखा आवाज आला. शेजाऱ्यांना वाटले, कोणाचे तरी बाळ रडते आहे!

१८६७ मध्ये वडिलांनी एक नवी लिपी प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रत्येक खूण जीभ, ओठ आणि घसा कसा ठेवायचा हे दाखवी. लोकांसमोर ते या लिपीची परीक्षा देत. बेल खोलीबाहेर जात. लोक हवा तो आवाज काढत आणि वडील तो खुणांनी लिहीत. मग बेल आत येऊन खुणा वाचत आणि तोच आवाज काढत. एकदा त्यांच्या तोंडून विचित्र घरघर निघाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो करवतीने लाकूड कापल्याचा आवाज होता! कानांनी न ऐकलेला आवाज डोळ्यांनी वाचून काढता येतो, तर कर्णबधिर मुलांनाही तो का येऊ नये?

पुढे घरावर संकट आले. बेल यांचे दोन्ही भाऊ क्षयाने वारले. १८७० मध्ये आईवडील बेल यांना घेऊन कॅनडाला गेले. १८७१ मध्ये बेल अमेरिकेतील बोस्टन येथे कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. ते फळ्यावर चेहऱ्याचे चित्र काढून जीभ कोठे ठेवायची ते दाखवत. मुले तसा प्रयत्न करत. पण तोंडातली जीभ खरोखर कोठे आहे, हे दिसणार कसे?

मुलांना निदान त्यांचा आवाज तरी दिसावा, म्हणून बेल यांनी १८७४ मध्ये एक प्रयोग केला. त्यांनी मृत माणसाचा कान घेऊन त्याला गवताची काडी जोडली. कानात बोलले की पडदा हले आणि काडी काजळी धरलेल्या काचेवर रेघ ओढी. एवढासा पडदा कानातली हाडे हलवतो, हे पाहून त्यांना टेलिफोनची दिशा सापडली. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. १८७७ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी मेबल हिच्याशी लग्न केले. पाच वर्षांची असताना तापामुळे तिचे ऐकणे गेले होते. पतीने शोधलेला टेलिफोन तिला कधीच ऐकता आला नाही.

बेल यांची एक चूकही सांगायला हवी. शाळेत खुणांची भाषा नको, मुलांनी बोलायलाच शिकावे, असे त्यांचे मत होते. त्या काळी अनेक शाळांत खुणांना बंदी झाली. ज्यांना बोलणे जमले नाही, ती मुले मागे पडली. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, हे आज जाणकार मानतात.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. त्यांच्या दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.

जे बेल यांना दिसत नव्हते, ते आज दिसते. टाळूला एक पातळ पट्टी बसवतात. जीभ जेथे टेकते, तेथील ठिपके संगणकाच्या पडद्यावर उमटतात. हनुवटीखाली सोनोग्राफीचे यंत्र धरले, तर बोलताना हलणारी जीभ दिसते. मुलाला पडद्यावर आपली चूक दिसते आणि ते जीभ थोडी मागे, थोडी वर नेऊन पाहते.

मुलांनो, आता पुन्हा एकदा 'बाळ' म्हणा. केवढे काम करते ही छोटीशी जीभ! वर्गात कोणाची जीभ अडखळली तर हसू नका. ती कोठे न्यायची, ते त्याला दाखवा.