शांततेसाठी गणित

पहिल्या महायुद्धातील गोष्ट आहे. फ्रान्सच्या रणभूमीवर एक इंग्रज शास्त्रज्ञ रुग्णवाहिका चालवत होता. तोफांच्या माऱ्यातून तो जखमी सैनिकांना दवाखान्यात पोचवी आणि उसंत मिळाली, की कागद काढून आकडेमोड करत बसे. या शास्त्रज्ञाचे नाव लुईस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे घराणे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. युद्धात भाग घ्यायचा नाही, अशी या पंथाची शिकवण आहे. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर १९१३ मध्ये ते हवामान खात्यात दाखल झाले आणि स्कॉटलंडमधील एका वेधशाळेचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. लढणे त्यांच्या मनाला पटेना आणि स्वस्थही बसवेना. शेवटी १९१६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली व ते रुग्णवाहिका पथकात गेले.

हवा पुढे कशी बदलेल, हे गणिताने काढता येईल, असा त्यांचा विश्वास होता. रणभूमीवर त्यांनी सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने सोडवून पाहिले. उत्तर साफ चुकले; पण ती चूक त्यांनी लपवली नाही. १९२२ मधील आपल्या ग्रंथात ती जशीच्या तशी छापली. पुढे १९५० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी याच मार्गाने जाऊन संगणकाच्या मदतीने हवामानाचे अंदाज काढून दाखवले.

युद्ध संपल्यावर रिचर्डसन हवामान खात्यात परतले. परंतु १९२० मध्ये ते खाते हवाई दलाच्या मंत्रालयाकडे गेले. युद्धाशी संबंध नको, म्हणून त्यांनी पुन्हा नोकरी सोडली आणि शिक्षकी पेशा पत्करला.

रणभूमीवरील दृश्ये मात्र ते विसरू शकले नाहीत. देश शस्त्रे का वाढवत जातात, हा प्रश्न त्यांना छळत होता. हा प्रश्नही त्यांनी गणितात मांडला.

दोन शेजारी देशांची कल्पना करा. दुसऱ्याची शस्त्रे पाहून पहिल्याला भीती वाटते आणि तो आपली शस्त्रे वाढवतो. पण शस्त्रांना पैसा लागतो. खर्चाचे ओझे वाढले, की वाढीचा वेग कमी होतो. शिवाय जुन्या तक्रारी मनात असतातच. म्हणजे शस्त्रवाढीचा वेग ठरवण्यासाठी भीती आणि तक्रार यांची बेरीज करायची व त्यातून खर्चाचे ओझे वजा करायचे. दुसऱ्या देशासाठी असेच दुसरे समीकरण होते. बदलाचा वेग सांगणाऱ्या अशा समीकरणांना विकलक समीकरणे म्हणतात. तुम्ही वर्गात दोन एकसामयिक समीकरणे एकत्र सोडवता. तशी हीदेखील एकत्रच सोडवावी लागतात, कारण एकाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असते.

उत्तर डोळे उघडणारे होते. दोन्ही देशांच्या भीतीच्या अंकांचा गुणाकार ओझ्याच्या अंकांच्या गुणाकारापेक्षा लहान असेल, तर शस्त्रवाढ एका पातळीवर थांबते. तो मोठा असेल आणि तक्रारीही असतील, तर वाढ थांबतच नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी फ्रान्स आणि रशिया एका बाजूला, तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी दुसऱ्या बाजूला होते. रिचर्डसन यांनी या चौघांचा लष्करी खर्च तपासला. १९०९ मध्ये तो सुमारे २० कोटी पौंड होता. १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी पौंड झाला. ही वाढ त्यांच्या समीकरणांशी चांगली जुळली.

१९३९ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. तरीही ते निराश झाले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि उरलेले आयुष्य युद्धाच्या कारणांचा शोध घेण्यात घालवले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. युद्धाविषयीचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ त्यानंतर, १९६० मध्ये, सर्वत्र उपलब्ध झाले.

आपली समीकरणे म्हणजे विधिलिखित नव्हे, हे रिचर्डसन जाणून होते. माणसे विचार न करता वागत राहिली तर काय होईल, एवढेच ती सांगतात. भीतीचा अंक कमी करणे माणसाच्याच हाती असते. त्यासाठी लागतो तो परस्परांवरील विश्वास.