नामदार गोखले आणि त्यांचे शिक्षण-विधेयक

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून नोकरी धरली व पोटाला चिमटा घेऊन धाकट्या भावास शिकविले. एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शाळा सोडावी, हे दुःख गोखल्यांनी घरातच पाहिले. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाले. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला.

१९१० साली त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारने विचाराचे आश्वासन दिल्यावरून तो परत घेतला. परंतु प्रश्न सोडला नाही. १६ मार्च १९११ रोजी ते विधेयकच घेऊन उभे राहिले.

विधेयकाची रचना पाहण्याजोगी आहे. सर्व देशावर एकदम सक्ती लादावयाची नव्हती. जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात, तेथील नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने सरकारच्या संमतीने ती लागू करावी. प्रारंभ ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपासून व्हावा. दरमहा १० रुपयांहून अधिक प्राप्ती नसलेल्या पालकांस फी माफ असावी. खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेने व दोन भाग सरकारने सोसावेत. आपल्या बडोद्याचा दाखलाही हाताशी होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभून १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला होता.

तरीही सरकार पक्षाने विरोध केला. पराभव अटळ आहे, हे गोखल्यांनी सभागृहात आधीच बोलून दाखविले. त्याबद्दल कटुता मात्र धरली नाही. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, ते निवर्तले.

तीनच वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास, मुलींसह, शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात अमलात आला.

आपल्या सभेपुढे एखादी सूचना आणणाऱ्याने हे चरित्र अवश्य आठवावे. सूचना झेपेल एवढी असावी, तिच्या खर्चाचा हिशेब सोबत असावा, आणि मते विरुद्ध पडली तरी कागद फाडून टाकू नये. त्याच कागदावरून पुढची पिढी काम उचलते.