क्रोएशियाचा राजा झ्वोनिमिर : त्याला खरंच त्याच्याच लोकांनी मारलं का?

१९९८ च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये क्रोएशिया पहिल्यांदाच उतरला आणि थेट तिसरा आला. त्या टीमचा कॅप्टन होता झ्वोनिमिर बोबान. हे नाव क्रोएशियात आजही ठेवतात, लाडानं 'झ्वोन्को' म्हणतात. पण त्याला खरं वजन आलं ते साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या एका राजामुळे.

आधी अर्थ बघू. 'झ्वोन' म्हणजे घंटेचा नाद आणि 'मिर' म्हणजे शांतता. जुनी स्लाव्ह नावं अशीच दोन शब्द जोडून बनायची.

झ्वोनिमिर आधी 'बान' होता, म्हणजे राजाचा सुभेदारच म्हणा. बायको येलेना, हंगेरीची राजकन्या. राजा क्रेशिमिर चौथा गेल्यावर १०७५-७६ च्या सुमारास सोलिन इथं पोप सातव्या ग्रेगरीच्या दूतानं त्याला मुकुट घातला. तेव्हा त्यानं द्मितार हे संताचं नावही घेतलं. गरीब, विधवा, अनाथ यांचं रक्षण करीन आणि माणसांची खरेदी-विक्री होऊ देणार नाही, अशी शपथ त्यानं घेतली.

त्याचा मुलगा रादोव्हान त्याच्याआधीच वारला. १०८९ मध्ये झ्वोनिमिरही गेला. मागे वारस नाही. नंतर आलेला स्त्येपान दोनच वर्षांत गेला आणि गादीसाठी भांडणं सुरू झाली. शेवटी ११०२ मध्ये हंगेरीच्या राजानं क्रोएशियाचाही मुकुट घातला. पुढची आठशे वर्षं राजा बाहेरचाच!

इथून दंतकथा सुरू होते. म्हणे, झ्वोनिमिरनं जेरुसलेमच्या मोहिमेवर चला असं सांगितलं, तेव्हा चिडलेल्या लोकांनी भर सभेत त्याला मारलं. मरताना त्यानं शाप दिला, की यापुढे तुमच्या भाषेचा राजा तुम्हाला मिळणार नाही.

पण हिशेब जुळत नाही. पोपनं धर्मयुद्धाची हाक दिली १०९५ मध्ये, म्हणजे झ्वोनिमिर गेल्यावर सहा वर्षांनी. ही कथा लिहिली गेली तीही नंतरच्या शतकांत. परक्यांचं राज्य का आलं, याचं उत्तर लोकांना हवं होतं. ते त्यांनी या राजाच्या मरणात शोधलं आणि दोष स्वतःवरच घेतला.

सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेनंतर चर्चनं संतांच्या नावांवर भर दिला आणि अशी जुनी नावं मागे पडली. एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रीय चळवळीनं ती पुन्हा वर आणली.

त्याच काळात, १८५१ मध्ये, क्रक बेटावरच्या बाश्का गावाजवळच्या एका चर्चमध्ये साधारण ११०० सालचा शिलालेख सापडला. जुन्या ग्लागोलिटिक लिपीतल्या या लेखात झ्वोनिमिर राजानं चर्चला जमीन दिल्याची नोंद आहे. आज तो झाग्रेबमध्ये जपून ठेवलाय. दंतकथेतल्या त्या शापाचा त्यात उल्लेखही नाही, आहे ते दान आणि देणाऱ्या राजाचं नाव.