धिमाल भाषेचा पहिला अभ्यासक : ब्रायन हॉटन हॉजसन

चिनी-तिबेटी भाषाकुलाचा विचार करताना चिनी, तिबेटी, ब्रह्मी अशा थोरल्या भाषांकडे लक्ष जाते. याच कुलात दोनच भाषांची एक चिमुकली शाखा आहे : नेपाळच्या झापा व मोरंग जिल्ह्यांतील धिमाल, आणि भूतानच्या सीमेलगत, पश्चिम बंगालच्या अलीपूरद्वार जिल्ह्यातील टोटोपाडा या गावची टोटो. यांपैकी धिमाल भाषेचे शब्द व व्याकरण प्रथम व्यवस्थितपणे कागदावर आणले ते हॉजसनने. बौद्ध संस्कृत हस्तलिखितांचा संग्राहक म्हणून तो विद्वानांना परिचित आहे. त्याच्या आयुष्याचा हा दुसरा भाग मात्र बराचसा झाकलेला राहिला.

चेशर परगण्यातील एका सुस्थित घरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा जन्म झाला. पित्याची पेढी बुडाली आणि कुटुंबाचा भार अल्पवयातच त्याच्यावर आला. हेलीबरी येथे शिक्षण घेऊन तो 1818 साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात दाखल झाला. यकृताच्या विकाराने मैदानी हवा त्याला सोसेना, म्हणून प्रथम कुमाऊँ व मग 1820 साली काठमांडू असा त्याचा प्रवास झाला. पुढे 1833 साली तो तेथे रेसिडेंट झाला. मांस व मद्य त्याने वर्ज्य केले होते. एका मुस्लिम स्त्रीशी त्याचा दीर्घ सहवास होता; त्यांची मुले हॉलंडमध्ये त्याच्या बहिणीकडे वाढली. हा भाग त्याच्या जुन्या चरित्रकारांनी फारसा उजेडात येऊ दिला नाही.

पाटणचे बौद्ध पंडित अमृतानंद यांच्या साह्याने त्याने जी हस्तलिखिते मिळविली, ती कलकत्ता, लंडन व पॅरिस येथे धाडली. पॅरिसला यूजीन ब्यूर्नूफच्या हाती ती पडली आणि युरोपातील बौद्धविद्येचा पाया घातला गेला. याच काळात, 1837 साली, त्याने देशी भाषांतून शिक्षण द्यावे या मताच्या समर्थनार्थ पत्रे लिहिली. मेकॉलेचा पक्ष विजयी होऊन दोनच वर्षे झाली होती. शिक्षक व भाषांतरकार घडविल्यावाचून लोकशिक्षण अशक्य आहे, हे त्याचे प्रतिपादन आजच्या भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावे अशा तोलाचे आहे. तथापि त्याच्या नजरेसमोर मोठ्या प्रांतभाषाच होत्या. धिमालसारख्या बोलीला त्या योजनेत जागा मिळाली असती असे वाटत नाही.

गव्हर्नर जनरल एलेनबरोशी मतभेद होऊन 1843 साली त्याला काठमांडू सोडावे लागले. राजीनामा देऊन तो मायदेशी गेला, पण मन रमेना. 1845 साली तो परतला. नेपाळचे दार बंद असल्याने दार्जिलिंगला घर करून राहिला आणि 1858 पर्यंत तेथेच होता. अधिकार नव्हता, वेळ मात्र मुबलक होता. दार्जिलिंगच्या पायथ्याशी तराईचे अरण्य होते. तेथील हिवतापाच्या भयाने परके लोक दूर राहत. बोडो आणि धिमाल मात्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या निरोगी राहतात, याचे हॉजसनला मोठे नवल वाटले. (तराईतील ठेंगण्या रानडुकराचे पहिले शास्त्रीय वर्णनही 1847 सालचे आणि त्याचेच.)

त्याच वर्षी कलकत्त्यास कोच, बोडो व धिमाल यांवरील त्याचा ग्रंथ निघाला. आधी शब्दसंग्रह, मग व्याकरण, आणि शेवटी लोकांची वस्ती, श्रद्धा, चालीरीती अशी त्याची मांडणी आहे. भाषा आधी आणि माणसांविषयीचे निष्कर्ष नंतर, हा क्रम त्या काळी दुर्मिळ होता. शब्दांचे रकाने शेजारी शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप उलगडते : पाण्याला कोच लोक बंगालीप्रमाणे ‘जल’ म्हणतात, बोडो ‘दोई’ आणि धिमाल ‘ची’. कोचांनी आपली जुनी भाषा टाकली होती, हे एवढ्यावरूनही दिसते. बोडो व धिमाल यांची गावे एकाच अरण्यात मिसळून वसली होती, पण वेगवेगळी. परस्परांत सोयरीक नसे.

हे काम करताना हॉजसनच्या मनात एक मोठा सिद्धांत होता. भारतातील सर्व आर्येतर जमाती एकाच वंशाच्या, आणि त्यांच्या भाषाही एकाच मुळातून निघालेल्या, असे तो मानी. या वंशाला त्याने तामुलियन हे नाव दिले होते. तमिळ आणि धिमाल त्याने एका पंक्तीस बसविल्या. मॅक्स म्यूलरने 1854 साली आपल्या तुराणी भाषांच्या कल्पनेसाठी ही सामग्री वापरली. पण 1856 साली कॉल्डवेलने द्राविड भाषांचे स्वतंत्र कुल मांडले, आणि पुढे या सिद्धांताला कोणी वाली उरला नाही. आज हॉजसन वाचला जातो तो त्याच्या रकान्यांसाठी. सिद्धांताच्या हौसेने त्याने शब्द वाकविले नाहीत, ही त्याची खरी थोरवी होय.

टोटो त्या निबंधाचा विषय नव्हते. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातही दोन्ही भाषा हिमालयीन गटाच्या निरनिराळ्या पोटभागांत नोंदल्या गेल्या, कारण धिमाल क्रियापदाला कर्त्याच्या पुरुषाचे प्रत्यय लागतात. त्यांचे निकटचे नाते मान्य होऊन धिमाल शाखा हे नाव रूढ होण्यास दीर्घ काळ जावा लागला.

हॉजसन 1894 साली इंग्लंडमध्ये वारला. धिमालचे सविस्तर आधुनिक व्याकरण जॉन किंग यांनी 2009 साली प्रसिद्ध केले, म्हणजे त्या पहिल्या ग्रंथानंतर 162 वर्षांनी. टोटोसाठी धनीराम टोटो यांनी लिपी घडविली आणि 2021 साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.