पेनिसिलीनचे विस्मृत शिल्पकार : अर्न्स्ट चेन

पेनिसिलीन म्हटले की अलेक्झांडर फ्लेमिंग यांचेच नाव ओठांवर येते. १९२८ मध्ये बुरशीचा जंतुनाशक गुण त्यांना दिसला हे खरे. परंतु त्या बुरशीच्या द्रावातून औषध वेगळे काढणे त्यांना साधले नाही. ज्यांना ते साधले, त्यांत अर्न्स्ट बोरिस चेन अग्रभागी होते. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. तरीही या रसायनशास्त्रज्ञाच्या चरित्राने मला ओढून घेतले, कारण चेन उत्तम पियानोवादक होते आणि संगीत की विज्ञान, हा पेच त्यांनाही पडला होता.

१९ जून १९०६ रोजी बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांनी इंग्लंड गाठले. आई व बहीण मागेच राहिल्या. १९३५ मध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी त्यांना ऑक्सफर्डला बोलावून घेतले.

तेथे फ्लेमिंग यांचा १९२९ चा निबंध चेन यांच्या वाचनात आला. पेनिसिलीन हे एखादे एंझाइम, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन असावे, असा त्यांचा तर्क होता. प्रत्यक्षात तो निघाला एक लहानसा, अतिशय नाजूक रेणू. तो टिकवायचा कसा? बुरशीचा द्राव थंड ठेवून आम्लयुक्त करायचा आणि पेनिसिलीन ईथरमध्ये उतरवायचे. तेथून ते किंचित अल्कयुक्त पाण्यात परत आणण्याची युक्ती सहकारी नॉर्मन हीटली यांची. शेवटी ते पाणी गोठवून उडवून टाकले की उरे ती चिमूटभर तपकिरी भुकटी.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचण्यात आले. चौघांना पेनिसिलीन दिले, ते जगले. उरलेले चारही सकाळपर्यंत मेले. १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलिसावर उपचार सुरू झाले. तो सुधारू लागला. त्याच्या लघवीतून पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच दिले गेले. पण साठा संपला आणि तो दगावला.

१९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना विभागून मिळाले. आई आणि बहीण मात्र नाझींच्या संहारात बळी पडल्या होत्या. लाखोंचे प्राण वाचवणाऱ्या या माणसाला आपली दोन माणसे वाचवता आली नाहीत! १२ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

जंतू आपली भिंत ज्या एंझाइमच्या साहाय्याने बांधतात, ते पेनिसिलीन निकामी करते, हे १९६५ मध्ये उलगडले. माणसाच्या पेशींना तशी भिंतच नसते. म्हणून हे औषध जंतूंना मारते आणि आपल्याला तारते. मात्र शुद्ध पेनिसिलीन एकाही रोग्याला टोचण्यापूर्वीच, १९४० मध्ये, चेन आणि एडवर्ड एब्रहम यांनी पेनिसिलीनचाच नाश करणारे जंतूंचे एंझाइमही शोधले होते. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्या आपण सर्वांनी हा इशारा ध्यानी ठेवला, तर चेन यांना तीच खरी आदरांजली ठरेल.