धर्मानंद कोसंबी : उबगातून सत्यशोधाकडे

भोरहून वरंधा घाट उतरून गेले की शिवथरघळ लागते. दासबोधाचे लेखन या घळीत झाले, अशी समर्थसंप्रदायाची श्रद्धा आहे. भोर-वेल्हे परिसरातील विद्यार्थ्याला म्हणूनच घरदार सोडून निघालेला साधक ही कल्पना अपरिचित नसते. लग्नमंडपातून निघून गेलेले समर्थ परंपरेच्या स्मरणात प्रपंचाकडे पुन्हा वळले नाहीत. आधुनिक काळात मात्र असा एक मराठी साधक होऊन गेला, की जो संसार सोडून निघाला, सत्याच्या शोधात समुद्रपार गेला आणि पुन्हा संसारात परतला. धर्मानंद दामोदर कोसंबी यांच्या चरित्राचे वेगळेपण या परतण्यात आहे.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. प्रकृतीच्या तक्रारींमुळे शालेय शिक्षण खंडित झाले. १८९१ मध्ये बाळाबाईंशी विवाह झाला आणि नारळीच्या बागांची देखरेख हेच आयुष्य ठरून गेले. बाहेरून पाहता या जीवनात काही उणे नव्हते. तरीही त्याच त्या दिनक्रमाने त्यांचे मन उबगून गेले होते. हाती पडतील ती मराठी पुस्तके ते वाचत. १८९७ च्या सुमारास 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी लिहिलेल्या त्या मजकुराने या तरुणाच्या अस्वस्थतेला दिशा दिली. मराठी नियतकालिकांच्या अभ्यासकाने या घटनेची नोंद अवश्य घ्यावी.

१८९९ च्या अखेरीस, कन्या माणिक तान्ही असताना, त्यांनी घर सोडले. पुण्यास त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन लाभले. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ मध्ये मोठ्या आशेने ते नेपाळात पोहोचले. परंतु तेथील बौद्ध आचार पाहून त्यांची निराशा झाली. श्रद्धेला बसलेला हा पहिला मोठा धक्का होय. त्यामुळे ते माघारी फिरले नाहीत. बुद्धगया पाहून ते सिंहलद्वीपास गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पालीचे अध्ययन करून ते श्रामणेर झाले आणि पुढे ब्रह्मदेशात त्यांनी भिक्षूची उपसंपदा घेतली.

१९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरविले, कलकत्त्यास पालीचे अध्यापन पत्करले आणि सुमारे सात वर्षांनी कुटुंबाची भेट घेतली. या वर्षांचे मोल बाळाबाईंनी चुकते केले, हे चरित्रकाराने विसरता कामा नये. एकाचा सत्यशोध हा दुसऱ्याचा एकाकीपणा ठरू शकतो. कोसंबींच्या 'निवेदन' (१९२४) या आत्मचरित्राचे मोठेपण हे, की आपल्या गृहत्यागाला त्यात दिव्यतेचे वलय दिलेले नाही. आपल्या उणिवा सांगताना त्यांची भाषा साधी आणि संयमित राहते.

कलकत्त्याची अधिक प्राप्ती सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठीत लिहावयाचे होते. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक या निर्णयाचे फळ होय. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. तो संपादित ग्रंथ हार्वर्डहून १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. साखवाळची बाग आणि पोथीतील पाठभेद, दोन्हींत पुनरावृत्ती आहेच. दुसऱ्या कामाला शोधाचे प्रयोजन होते, म्हणून तेथे उबग उरला नाही, असे म्हणता येईल.

श्रद्धा आणि सत्य यांचे त्यांच्या ठायी असलेले नाते 'भगवान बुद्ध' या ग्रंथात विशेष स्पष्ट होते. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. पाली साधनांच्या आधारे त्यांनी शाक्य-कोलियांमधील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे आणि शस्त्रधारणेविषयीच्या विरक्तीकडे लक्ष वेधले. ही उपपत्ती सर्वमान्य झाली नाही. तथापि ज्या बुद्धचरित्राने त्यांचे आयुष्य पालटले, त्यातील सर्वांत हृद्य प्रसंगच त्यांनी चिकित्सेच्या कसोटीवर घासला, हे महत्त्वाचे. तसे करताना त्यांची बुद्धावरील निष्ठा ढळली नाही.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास सोसला. मुंबईत परळला श्रमिकांच्या वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. उत्तरायुष्यात पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचे त्यांना आकर्षण वाटले. प्रकृती ढासळल्यावर, आता आपण कोणाच्या उपयोगी नाही, या जाणिवेने त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. एकदा गांधीजींच्या आग्रहाने ते थांबले. अखेर जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्यागाने त्यांनी देह ठेवला. या मरणाला साधनेची परिणती म्हणावे की निरुपयोगी होण्याची असह्यता, याचा निर्णय सोपा नाही. ज्या मनाने तारुण्यात निष्प्रयोजन जगणे नाकारले, त्याच मनाचा हा शेवटचा नकार होता, एवढे मात्र त्यांच्या चरित्रावरून निश्चितपणे म्हणता येते.