गाडगेबाबांची पूजा कोणती?



धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा काढला. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लावली. मग हातात एक तसबीर उरते, ती गाडगेबाबांची. तिचे काय करायचे? नवदीक्षित घरात हा प्रश्न हमखास निघतो. सासूबाई म्हणतात राहू दे, मुलगा म्हणतो ते तर गोपाळाचे भजन करीत होते. या वादाच्या पोटात दुसरा, मोठा प्रश्न दडलेला आहे. गोरगरिबाला मदत करणे म्हणजे पूजा काय? बाबा देव गरिबात दाखवीत. आपण तर देवच मानीत नाही. मग त्यांचे काम आपण कोणत्या खात्यात मांडायचे? याचे उत्तर घाईने देऊ नका. आधी त्या माणसाचे आयुष्य पाहा.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी आली. डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड पाहिले नाही. कष्टाने पिकवलेली मामाची जमीन सावकाराच्या घशात कशी गेली, ते मात्र त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. दारू, कर्ज आणि निरक्षरता हे तीन वैरी त्याने पुस्तकातून ओळखले नव्हते. तुमच्याआमच्या आजोबांनीही ते असेच ओळखले होते.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण हवे होते. डेबूने गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले. बंड म्हणावे तर एवढेच; पण आपल्या वस्तीत लग्नाच्या आदल्या रात्री असे बंड करून पाहा, म्हणजे त्याची किंमत कळेल.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर, हातात काठी आणि खराटा. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी झाडायला लागत. दिवसा गावची घाण काढायची आणि रात्री कीर्तनात डोक्यातली घाण काढायची, असा त्यांचा क्रम होता. भाकर मागत, पण तिच्या बदल्यात लाकडे फोडून देत. कोणी पाया पडू लागला तर काठी उगारीत. गळ्यात हार घालू देत नसत, शिष्य करीत नसत. जत्रेत नवसाची बकरी कापू नका म्हणून लोकांना बजावीत. पंढरपूरला वारीत जात, पण विठ्ठलाच्या दर्शनाला मंदिरात जात नसत. वारकरी देवळाकडे धावत तेव्हा हा माणूस वाळवंट झाडीत असे.

आता पंढरपूरचीच गोष्ट पाहा. चोखोबांना जिवंतपणी देवळात पाऊल ठेवता आले नाही. त्यांच्या जातीच्या माणसांना देवळाचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तोवर महार वारकऱ्याने रात्री पाठ टेकायची कुठे? गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ज्या पैशाचा कळस झाला असता, त्या पैशाचे छप्पर झाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. बाबांनी पंढरपुरात मराठ्यांसाठी वेगळी धर्मशाळा बांधली आणि परिटांसाठी वेगळी. जातीच्या भिंती त्या विटांतही शिल्लक राहिल्या. आणि भजन देवाचेच राहिले. त्यांनी देवाला देवळातून बाहेर काढून गरिबाच्या झोपडीत आणले, इथपर्यंत ते आले. बाबासाहेबांनी पुढचे पाऊल टाकले. माणसाने माणसाशी कसे वागावे हाच धम्माचा गाभा, तेथे देवाची गरज नाही, हे त्यांनी आपल्याला दाखविले.

मग पूजा या शब्दाचे काय? विनयपिटकातील प्रसंग तुम्ही विहारात ऐकला असेल. नसेल तर भंतेजींना विचारा. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून त्याच्याकडेही कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. नंतर संघाला बोलावून तथागतांनी समजावले की ज्याला माझी शुश्रूषा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची शुश्रूषा करावी. कुशिनाऱ्याला शालवृक्षांखाली अखेरच्या वेळी त्यांच्यावर फुलांचा वर्षाव झाला, तेव्हाही त्यांनी आनंदाला हेच सांगितले, की फुलांनी तथागतांची खरी पूजा होत नाही, धम्माप्रमाणे वागणारा ती करतो.

तेव्हा गरिबाला हात देणे याला पूजा म्हणायचे असेल तर म्हणा, शब्दाला आमची हरकत नाही. पण मोबदल्यात पुण्याची पावती मागू नका. आणि गरिबाला देव करू नका. गरीब देव झाला की तो गरीबच राहिलेला बरा वाटू लागतो. नाहीतर नैवेद्य दाखवायचा कोणाला? १९५० साली महाबोधी मासिकातील लेखात बाबासाहेबांनी धर्माची जी कसोटी सांगितली, तीत धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये ही एक अट आहे. दान घेणारा उद्या देणारा झाला पाहिजे. ज्या दानाने तो पुन्हा पुन्हा आपल्याच दारात उभा राहतो, त्यात कुठे तरी चूक आहे.

हे गाडगेबाबांना उमगले होते काय? माझ्या मते उमगले होते, आणि त्याचा पुरावा १९४९ सालचा आहे. चोखामेळा धर्मशाळेची वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले होते. अक्षरशत्रू माणसाने वारकऱ्यांच्या निवाऱ्याची जागा विद्येला दिली! अन्नदानाच्या कितीतरी पंगती त्यांनी उठविल्या, पण मला हे दान त्या सर्वांहून मोठे वाटते.

त्याच वर्षाची एक हकीकत सांगतात. बाबा मुंबईत आजारी होते. कायदेमंत्री असलेले बाबासाहेब त्यांना भेटायला दवाखान्यात गेले, जाताना दोन घोंगड्या घेऊन गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. कोण कोणाची पूजा करीत होते, ते तुम्हीच ठरवा.

तसबिरीचेही तुमच्या घराने ठरवावे. ठेवलीत तर तिला हार घालू नका, उदबत्ती ओवाळू नका. त्यांनी जिवंतपणी ते चालू दिले नाही. तिच्याखाली पोराच्या अभ्यासाची जागा करा.

आपल्या उपनगरांशी बाबांचा शेवटचा संबंध वांद्र्याचा. नागपूरच्या धम्मदीक्षेला २५ दिवस झाले होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी पोलिसांच्या वस्तीत त्यांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित केले गेले, म्हणून आजही तो खडा वऱ्हाडी आवाज ऐकता येतो. त्यात ते श्रोत्यांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेतात. बाबासाहेबांचे नाव घेऊन सांगतात की बापाने या पोराला शाळेत घातले, म्हणून त्याने देशाची घटना लिहिली. तुम्हीही पोरांना शिकवा, जेवायचे ताट मोडावे लागले तरी चालेल.

त्यानंतर महिन्याभरात, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबा आधीच खंगले होते. १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला.